वायली टॅकेटला एक मत

ऑर्फा टॅकेटने आयुष्यात एकाच माणसाचा द्वेष केला, पण केला तो अगदी मन लावून, वीस वर्षं, एक दिवसही सुटी न घेता. तो माणूस पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. त्यात तिचा काही हात नव्हता. उलट त्याला बढती मिळाली की गाव त्याची मिरवणूक नेमकी तिच्याच दारावरून नेई, आणि ही बाई पडदा बाजूला सारून, दात-ओठ खात, शेवटचा ढोल जाईपर्यंत बघत राही.

आमचं स्टिनेट हे दक्षिण इंडियानातलं चुनखडीच्या खाणींचं गाव. इथला दगड शिकागो-न्यूयॉर्कच्या इमारतींना जातो आणि भुकटी आमच्याकडे राहते. पंचविशीतल्या पोरांच्या भुवया इथे पांढऱ्या असतात. टॅकेटांच्या घरात तिघं होती. आई, ऑर्फा, आणि तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा वायली. बाप खोकून खोकून आधीच गेला होता. वायली होल्कोम्बच्या खाणीत यारीखाली उभा राही. वरून लोंबकळत येणाऱ्या शिळेला हाताने वळवून गाडीवर नीट बसवायचं, हे त्याचं काम. वीस वर्षांचा हसरा पोरगा, गिरजाघरात सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाणारा. बाराव्या वर्षी आईने त्याच्याकडून दारूला न शिवण्याच्या शपथपत्रावर सही घेतली होती. ती पाळायला त्याला काही कष्ट पडले नाहीत, कारण त्याला दारूच्या वासानेच मळमळायचं.

आई म्हणजे गावातल्या दारूबंदी महिला मंडळाची कर्तीधर्ती. छातीवर पांढरी फीत लावून, दहाबारा बायका घेऊन ती गुत्त्यासमोर उभी राही आणि देवाची गाणी म्हणे. आत बसलेल्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. गुत्तेवाला तिला बघून मागच्या दाराने पळे.

मार्चमधल्या एका मंगळवारी यारीचा तारदोर तुटला आणि शिळा वायलीच्या अंगावर आली. दोर झिजलाय म्हणून मुकादमाने तीनदा कळवलं होतं. खाणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच मालक होल्कोम्ब घाबरला. त्याने वकील दिला. त्याचं नाव हॉलिस बर्डसॉल. तिशीचा, नव्या कोटाचा, मधाळ आवाजाचा. तो याच गावचा. वायलीला लहानपणी त्याने घसरगाडीवर ओढलेलं.

दोन दिवसांनी मृत्यूच्या चौकशीला सहा पंच बसले. बर्डसॉलने दोन कामगार उभे केले. दोघांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं, की त्या सकाळी वायलीच्या तोंडाला व्हिस्कीचा वास येत होता आणि तो झोकांड्या खात होता. बर्डसॉल मग पंचांकडे वळला. "सद्गृहस्थहो," तो म्हणाला, "दोर तुटायच्या आधी या पोराचा तोल गेला होता. एका आईचं दुःख मला कळतं. पण खरं ते खरं." आणि त्याने रुमालाने डोळे टिपले.

ऑर्फा उभी राहून ओरडली, "मी स्वतः त्याला न्याहारी वाढली! दूध आणि मक्याची भाकरी!" तिला बाहेर काढण्यात आलं. पंचांनी लिहिलं, मरणाऱ्याच्या स्वतःच्या नशेमुळे. त्या उन्हाळ्यात दोन्ही साक्षीदार मुकादम झाले.

आईने तो निकाल ऐकून घेतला. पुढच्या शनिवारी ती मंडळाच्या सभेला गेली, तर वाटेत गुत्त्याच्या पायरीवरून एकजण म्हणाला, "काय मिसेस टॅकेट, आधी घरातला गुत्ता बंद करायचा होता की!" सगळे फिदीफिदी हसले. आई सभेला न जाता परत आली, फीत काढून खणात टाकली आणि त्यानंतर गिरजाघराखेरीज कुठे गेली नाही. दुसरा हिवाळा काही तिने काढला नाही. शेवटचे दोन दिवस ती एकच गोष्ट म्हणत होती. "ऑर्फा, तो पीत नव्हता गं. कुणीतरी हे म्हणायला पाहिजे." ऑर्फा म्हणाली, "म्हणेल, आई. ज्याने केलं तोच म्हणेल." हे बोलताना तिला काहीच सुचलेलं नव्हतं. पण बोलून बसली, आणि पुढे तिचं सगळं आयुष्य त्या बोलण्यापायी गेलं.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत, कानाला यंत्र लावून, गावाच्या तारा एकमेकींना जोडायच्या. तिथे शपथ घ्यावी लागे, की कानावर पडलेलं ओठांवर येणार नाही. ऑर्फाने ती घेतली आणि पाळली. कोण कुणाशी भांडतं, कुणाचं कुणावर मन आहे, कोण बायकोला फसवतो, सगळं तिच्या पोटात. एक-दोघांनी तिला लग्नाचं विचारलं. तिने नकार दिला. तिच्या डोक्यात आधीच एक पुरुष बसलेला होता, आणि त्याच्याशी तिला संसार करायचा नव्हता.

तो पुरुष चढत होता. आधी जिल्ह्याचा सरकारी वकील, मग वॉशिंग्टनला खासदार, मग राज्याचा गव्हर्नर. जिथे जाई तिथे दारूबंदीवर तासतास बोले. 'माझ्या गावातल्या एका तरुणाला दारूने माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं,' असा एक दाखला त्याच्या भाषणात ठरलेला असे. नाव घेत नसे. लोक हळहळत. आपण मारलेल्याच्या मढ्यावर उभं राहून मतं मागायची, याला फार मोठी छाती लागते, आणि ती हॉलिस बर्डसॉलला देवाने दिली होती.

ऑर्फाच्या हातात होतं तेवढं ती करी. तो स्वतःच्या आईला भेटायला गावी आला आणि तिथून फोनवर बोलायला लागला, की ऐन मोक्याच्या शब्दाला तार निसटे. "हॅलो? हॅलो? एक्स्चेंज!" तो ओरडे. "क्षमस्व, गव्हर्नर. आज वारा फार आहे." बाहेर पानही हलत नसे. पण हा काही सूड नव्हे, ही नुसती खाज भागवणं, हे तिला कळत होतं.

मग एका ऑगस्टच्या दुपारी गव्हर्नरने गावातून होल्कोम्बला फोन लावला. होल्कोम्ब तेव्हा म्हातारा होऊन फ्लोरिडाला राहत होता. ऑर्फाने तार जोडली आणि कान काढायला विसरली, असं आपण म्हणू. दोघं जुन्या गप्पांत रमले होते.

"हॉलिस, तुझं ते दारूबंदीचं भाषण वाचलं," होल्कोम्ब खोकत म्हणाला. "तो पोरगा खरंच प्यायला होता का रे?"

"वायली?" बर्डसॉल खळखळून हसला. "मीच पाजली त्याला. मेल्यावर दोन दिवसांनी."

दोघं इतके हसले, की तार खरखरली. ऑर्फाचे हात फळ्यावर तसेच राहिले. समोर चार दिवे लुकलुकत होते, गाव बोलायला खोळंबलं होतं. तोवर तिच्या मनाच्या कोपऱ्यात एक शंका होती, की त्या दोन साक्षीदारांनीच खोटं सांगितलं असेल आणि वकील बिचारा फसला असेल. ती शंका त्या दुपारी मेली. सांगणार कुणाला? शपथ मोडली तर नोकरी जाणार, आणि गव्हर्नरच्या शब्दापुढे एका टेलिफोनवालीचा शब्द कोण घेतो? तिने चारही तारा जोडल्या. रडली नाही. त्या दिवसापासून मात्र तिने डूख धरला.

बर्डसॉल उपराष्ट्राध्यक्ष झाला. गावाने वेशीवर फलक लावला. आता उपराष्ट्राध्यक्षाला काम काय, तर वरिष्ठ सभागृहात उंच खुर्चीवर बसायचं, हातोडी आपटायची, आणि दोन्ही बाजूंची मतं सारखी पडण्याची वाट बघायची. ती पडत नाहीत. बाकी वेळ राष्ट्राध्यक्षाच्या तब्येतीची चौकशी करायची. पण गावाला त्याचं काय! बर्डसॉल सुटीला आला की बँड वाजायचा.

चार वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला आणि तेव्हा ओहायोच्या एका वर्तमानपत्राने जुनी चौकशी उकरून काढली. झिजलेला दोर, बढती मिळालेले साक्षीदार, सगळं छापलं. पक्षाचा जिल्हा अध्यक्ष इरा पोग, हा लोखंडी सामानाचा दुकानदार, टोपी हातात घेऊन ऑर्फाच्या दारात आला. तिने त्याला पर्सिमनच्या फळाचं पुडिंग वाढलं.

"ऑर्फा, फार छान झालंय हं पुडिंग," इरा म्हणाला.

"इरा, गेल्या पंधरा वर्षांत तू माझ्या घरात पाय ठेवला नाहीस. पुडिंगसाठी आला नाहीस. बोल."

"तुझी जीभ काही बदलली नाही बघ." तो ओशाळून हसला. "पक्षाला तुझा मान करायचाय. राज्यातून पंधरा निर्वाचक जातात. लोकांनी मतं दिली, की मग ते पंधरा जण राजधानीत बसून खरं मत टाकतात. त्यात तुझं नाव घालायचं म्हणतोय. हॉलिसने स्वतः सुचवलं."

"हॉलिसने?"

"स्वतः! म्हणाला, टॅकेटांच्या मुलीच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, हे जगाला दिसू दे."

ऑर्फाने चमचा खाली ठेवला. "आणि तिथे करायचं काय?"

"काही नाही गं. दोन चिठ्ठ्या टाकायच्या. एक राष्ट्राध्यक्षाची, एक उपराष्ट्राध्यक्षाची."

"दोन वेगळ्या?"

"कायद्यातच तसं आहे. नाव आपल्या हाताने लिहायचं. अगदी लहान मुलाचं काम."

"आणि दुसरंच नाव लिहिलं तर?"

इरा पोट धरून हसला. "तू पण ना! शंभर वर्षांत आपल्याकडे कुणी लिहिलं नाही. कोण कशाला लिहील? बरं, पुढची गंमत ऐक. सगळ्या राज्यांच्या चिठ्ठ्यांचे दाखले वॉशिंग्टनला जातात, दोन्ही सभागृहांसमोर उघडतात, आणि निकाल कोण वाचतं सांग बघू? उपराष्ट्राध्यक्ष! म्हणजे हॉलिस स्वतःचाच विजय स्वतःच्या तोंडाने जाहीर करणार. नावानिशी, आकड्यानिशी."

ऑर्फाने त्याच्या ताटलीत आणखी पुडिंग वाढलं, वर सायही घातली. "इरा," ती म्हणाली, "माझं नाव घाल."

ऑक्टोबरमध्ये बर्डसॉल गावात आला. न्यायालयाच्या पायऱ्यांवर, छायाचित्रकारांसमोर, त्याने ऑर्फाचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिस ऑर्फा, तेव्हा आपण दोघांनीही फार सोसलं." आवाज अजून तसाच मधाळ होता. ऑर्फाने हात सोडवून घेतला नाही. ती इतकी गोड हसली, की ते छायाचित्र चाळीस वर्तमानपत्रांत आलं. गावातल्या बायका म्हणाल्या, मोठ्या मनाची बाई. तिने घरी येऊन हात चुलीवरच्या गरम पाण्याने तीनदा धुतले.

बर्डसॉल दणक्यात निवडून आला. एका मताने त्याचं काही अडणार नव्हतं आणि ऑर्फाला ते ठाऊक होतं. त्याची खुर्ची तिला नकोच होती.

जानेवारीतल्या बुधवारी इंडियानापोलिसला, राज्याच्या सभागृहात, पंधरा निर्वाचक लांब टेबलाशी बसले. बँकवाले, वकील, एक पाद्री, आणि निळ्या टोपीतली ऑर्फा. पहिली चिठ्ठी तिने रीतसर लिहिली. दुसरी लिहायला तिला इतका वेळ लागला, की शेजारचा बँकवाला म्हणाला, "बाई, बर्डसॉलचं स्पेलिंग सांगू का?"

"नको. मला येतं."

चिठ्ठ्या मोजताना म्हाताऱ्या कारकुनाचा हात थबकला. त्याने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "वायली टॅकेट, स्टिनेटचा, जो शुद्धीत मेला." खोलीत एकच गलका उडाला. पक्षाचा माणूस टेबलावर मूठ आपटत ओरडला, "फाडा ती! बाई, दुसरी लिहा!"

"फाडता येत नाही," कारकून म्हणाला. चाळीस वर्षं त्याने असले दाखले लिहिले होते, आणि त्याच्या टाकाला पक्ष नव्हता. "पेटीत पडलं ते पडलं. जसं आहे तसं उतरवायचं, खाली पंधराही जणांनी सही करायची." आणि त्याने सुवाच्य अक्षरात तसंच उतरवलं. सही करताना त्या बँकवाल्याच्या टाकाचं टोक मोडलं.

आठवड्याभरात तिची नोकरी गेली. इरा पोग दारात येऊन थुंकला. "अगं, मेलेल्या माणसाला मत? ते मोजणारसुद्धा नाहीत!"

"मोजू नका ना. वाचा म्हणजे झालं."

बर्डसॉलने पत्रकारांना सांगितलं, की बिचारी दुःखाने भ्रमिष्ट झाली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. पत्रकार धावत स्टिनेटला आले. ऑर्फाने त्यांना दारातच उभं केलं आणि एवढंच म्हणाली, "वायली केव्हा प्यायला आणि कुणी पाजली, हे हॉलिस बर्डसॉल यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. होल्कोम्बसाहेब होते, पण ते वारले. मी पंधरा वर्षं एक्स्चेंजवर होते, असं त्यांना माझ्याकडून सांगा." पत्रकारांना यातलं काही उमगलं नाही. त्यांनी छापलं मात्र जसंच्या तसं. बर्डसॉलने ते न्याहारीच्या टेबलावर वाचलं आणि त्या दिवशीच्या सगळ्या भेटी रद्द केल्या, असं म्हणतात.

फेब्रुवारीत ऑर्फा वॉशिंग्टनला गेली. सज्जात बसण्याचा परवाना तिला विरोधी पक्षाच्या एका म्हाताऱ्या सदस्याने पाठवला होता. त्याला वायलीशी देणंघेणं नव्हतं, त्याला बर्डसॉलची जिरलेली बघायची होती. चालेल, ती म्हणाली, सुडाला सोबत लागतेच.

खाली सगळं सभागृह भरलेलं. उंच खुर्चीवर बर्डसॉल, केस पांढरे, गळ्यापाशी मांस सुटलेलं. एकेका राज्याचा पुडा तो फोडी आणि मोजणाऱ्यांच्या हाती देई. इंडियानाचा पुडा आला. मोजणाऱ्याने घडाघडा वाचलं, आणि शेवटच्या ओळीला लोक हसले. ऑर्फाने कठडा घट्ट धरला. हसा. हसून घ्या. तुमच्यासाठी आलेच नाही मी.

तासाभराने बर्डसॉल निकालाचा कागद घेऊन उठला. राष्ट्राध्यक्षाचे आकडे वाचले, टाळ्या झाल्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव आणि आकडा वाचला, विरोधकाचा वाचला. मग घसा साफ करून पुटपुटला, "आणि एक मत, अन्य." आणि हातोडी उचलली.

"महोदय!" तो म्हातारा सदस्य उभा राहिला. "अन्य नावाचा इसम आम्हाला माहीत नाही. कागदावर जे नाव आहे ते वाचावं."

"वाचा! वाचा!" मागच्या बाकांवरून ओरडा झाला.

बर्डसॉलची हातोडी हवेतच राहिली. त्याने मान वर केली, सज्जाच्या रांगा शोधल्या, आणि निळ्या टोपीपाशी त्याची नजर थांबली. ऑर्फा उठून उभी राहिली. बोलायची परवानगी नव्हती. तिने फक्त उजवा हात कानावर ठेवला, एक्स्चेंजमध्ये बसून तार ऐकते तसा. सभागृहात दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. बर्डसॉलला कळलं. त्याचा चेहरा खाणीतल्या भुकटीसारखा झाला.

"वायली टॅकेट," तो वाचू लागला. आवाजातला मध कुठल्याकुठे गेला होता. "स्टिनेटचा."

"पुढे!" म्हातारा म्हणाला.

"जो." बर्डसॉलने पाण्याचा पेला उचलला, न पिताच ठेवला. "जो शुद्धीत मेला."

या वेळी कुणी हसलं नाही. लघुलेखकांनी ते शब्द उतरवले, आणि देशाच्या दप्तरात ते त्याच्या तोंडचे म्हणून कायमचे गेले. बर्डसॉल उभाच होता. बसायचं त्याला सुचत नव्हतं.

पहारेकरी ऑर्फाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, इथे उभं राहता येत नाही. खाली बसा. झालं ते वाचून."

ऑर्फाने कानावरचा हात काढला नाही. "मला नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "त्याला सांग, पुन्हा वाच."